ज्यांचं काही अडलं नव्हतं त्यांच्या सह्या

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग नावाची वस्ती आहे. तिथल्या बाउन स्ट्रीटवर १६६१ मध्ये बांधलेलं एक लाकडी घर अजून उभं आहे. त्याच रस्त्याने दक्षिणेला चालत निघालं की मैल संपायच्या आत आमचं गणपतीचं देऊळ लागतं. देवळाला लागून जातो तो हॉली अव्हेन्यू आणि त्याच्या अलीकडचा जिरेनियम अव्हेन्यू. या जिरेनियमवर मुस्लिम सेंटरची मशीद आहे. फ्लशिंगमध्ये एके काळी मोठमोठ्या रोपवाटिका होत्या, म्हणून इथल्या आडव्या रस्त्यांना झाडाफुलांची नावं मिळाली, आणि ती इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेली आहेत. जिरेनियमनंतर हॉली येतं, म्हणजे मशिदीनंतर देऊळ. याच भागात गुरुद्वारा आहे, स्वामीनारायण मंदिर आहे, ज्यूंचं सिनेगॉग आहे आणि कोरियन लोकांची चर्चं तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर इथे आले, ग्रंथालयात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. या वस्तीचा इतिहास मी हौसेने वाचत आले. तो लिहून काढावा असं वाटायला मात्र एक कारण घडलं. दर काही वर्षांनी न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीतल्या कुठल्यातरी गावात नव्या मशिदीचा अर्ज येतो, त्यावरून वाद पेटतो, आणि आमच्या मराठी घरांतल्या जेवणावळीत तोच प्रश्न ऐकू येतो : "यांना इथेच कशाला हवी?" विचारणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतली कित्येक माझ्या अडीअडचणीला धावून आलेली आहेत. पण ज्या रस्त्यावर आपण दर चतुर्थीला जातो, त्या रस्त्याला बाउन हे नाव का पडलं हे त्यांना ठाऊक नाही. ते ठाऊक असतं तर हा प्रश्न त्यांनी निदान वेगळ्या स्वरात विचारला असता, असं मला मनापासून वाटतं.

सतराव्या शतकात न्यूयॉर्क हे न्यूयॉर्क नव्हतं. ते डच लोकांचं न्यू ॲम्स्टरडॅम होतं, आणि कारभार डच वेस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नरकडे, पीटर स्टायव्हेसंटकडे होता. एक पाय लाकडी, स्वभाव करडा. वसाहतीत एकच पंथ हवा, तो म्हणजे डच रिफॉर्म्ड चर्च, ही त्याची पक्की धारणा होती. १६५४ मध्ये ब्राझीलहून तेवीस ज्यू माणसं जहाजातून उतरली, तेव्हा त्यांना हाकलण्याची परवानगी त्याने कंपनीकडे मागितली. कंपनीने ती नाकारली. ल्युथरपंथीयांच्या प्रार्थनासभांवर त्याने बंदी घातली. आणि १६५७ च्या ऑगस्टमध्ये क्वेकर आले.

क्वेकरांना पुरोहित नसतो. ते गोल करून शांत बसतात, आणि आतून काही उमटलं तर पुरुष असो वा बाई, कुणीही उठून बोलतं. शपथ घेत नाहीत, आणि तेव्हा ते अधिकाऱ्यासमोर टोपीही काढत नसत. त्या काळच्या सत्तेला हे असह्य होतं. रॉबर्ट हॉजसन नावाच्या तरुण क्वेकर प्रचारकाला पकडून स्टायव्हेसंटने असे फटके मारवले की तो मरणाच्या दारात पोचला. मग फर्मान निघालं : जो कोणी क्वेकराला घरात आसरा देईल त्याला दंड.

फ्लशिंगला तेव्हा व्लिसिंगेन म्हणत. राज्य डचांचं, पण राहणारे बहुतेक इंग्रज शेतकरी. त्यांना १६४५ मध्ये जी सनद मिळाली होती, तिच्यात हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य लिहून दिलेलं होतं. त्या सनदेवर बोट ठेवून २७ डिसेंबर १६५७ रोजी गावातल्या तीस माणसांनी गव्हर्नरच्या नावे एक अर्ज लिहिला. गावचा कारकून एडवर्ड हार्ट याने तो लिहिला, शेरीफ टोबियस फीक याने तो नेऊन दिला. काहींना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सहीच्या जागी खूण केली. अर्जाचा सारांश असा : ही माणसं देवाकडून आली की नाही याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. प्रेम, शांतता आणि स्वातंत्र्याचा जो कायदा हॉलंडमध्ये चालतो तो ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन यांनाही लागू आहे, कारण तीही आदमचीच लेकरं. तेव्हा कुणीही सद्भावनेने दारात आला तर त्याला हात लावणं आम्हाला जमणार नाही. त्या काळच्या युरोपात तुर्क म्हणजे मुसलमान. फ्लशिंगमध्ये तेव्हा एकही मशीद नव्हती, मागणारंही कुणी नव्हतं, आणि तरीही हिवाळ्यातल्या त्या कागदावर मुसलमानांचा उल्लेख आला.

या अर्जातली जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची. सही करणाऱ्या तीस जणांत एकही क्वेकर नव्हता. पुढे त्यांतले काही झाले, पण त्या दिवशी नव्हता. त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेला कुणी आडकाठी केलेली नव्हती. त्यांचं काहीच अडलं नव्हतं. दुसऱ्याच्या देवासाठी, ज्याच्याशी त्यांचं पटत नव्हतं अशा देवासाठी, त्यांनी आपली शेतं आणि आपली पदं पणाला लावली.

अर्ज फसला. शाळांमधून ही गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते, ते मला मान्य नाही. स्टायव्हेसंटने फीक, हार्ट आणि दोन दंडाधिकारी यांना अटक केली. हार्टने काही आठवडे तुरुंगात काढले आणि शेवटी बायकामुलांकडे पाहून माफी मागितली. फीकला पदावरून काढलं, दोनशे गिल्डर दंड किंवा हद्दपारी अशी शिक्षा सुनावली. दंडाधिकाऱ्यांनी सगळा दोष दुसऱ्यांवर ढकलला. गावसभा भरवण्यावर निर्बंध आले. तीस सह्यांपैकी शेवटपर्यंत ताठ उभ्या राहिलेल्या सह्या फार थोड्या. मी त्यांना दोष देत नाही. थंडीत, तान्ही मुलं घरात असताना, बंदुकीच्या राज्यात त्यांनी सही केली हेच खूप झालं. तो कागद अजून आहे. १९११ मध्ये ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयाला आग लागली तेव्हा त्याच्या कडा जळाल्या, मजकूर वाचला.

पाच वर्षांनी जॉन बाउन उभा राहिला. तो इंग्लंडहून आलेला, बायको हॅना क्वेकर झालेली, मग तोही झाला. नव्याने बांधलेल्या त्या लाकडी घरात त्याने क्वेकरांच्या बैठका भरवायला सुरुवात केली. १ सप्टेंबर १६६२ ला त्याला पकडलं. दंड भर आणि सूट, असं सांगितलं. तो म्हणाला, दंड भरणार नाही. कोठडीत टाकलं, तरी नाही. वैतागून स्टायव्हेसंटने त्याला १६६३ च्या जानेवारीत जहाजावर चढवून हद्दपार केलं. बाउन आयर्लंडला उतरला, तिथून इंग्लंडमार्गे ॲम्स्टरडॅमला गेला आणि कंपनीच्या संचालकांसमोर त्याने आपलं गाऱ्हाणं मांडलं. फ्लशिंगची सनद त्याच्या बाजूने होती.

१६ एप्रिल १६६३ रोजी संचालकांनी स्टायव्हेसंटला पत्र लिहिलं. ते पत्र जसं आहे तसं समजून घेणं फार आवश्यक आहे, कारण त्यात प्रेमाचा एक शब्द नाही. आम्हालाही हे पंथवाले नकोच आहेत, असंच ते सांगतात. पण कडकपणा केला तर नवे लोक येणार नाहीत, आणि कोवळ्या वसाहतीला माणसं हवी आहेत. तेव्हा डोळेझाक करा, निदान कुणाच्या मनावर जबरदस्ती करू नका. जो गुमान राहतो, कायदा पाळतो, शेजाऱ्याला त्रास देत नाही, त्याला त्याच्या श्रद्धेप्रमाणे राहू द्या. ॲम्स्टरडॅम याच मार्गाने मोठं झालं. बाउन १६६४ च्या सुरुवातीला घरी परतला. त्याच वर्षी इंग्रजांनी वसाहत घेतली.

व्यापाऱ्यांचा हिशेब आणि तीस शेतकऱ्यांची सही, दोन्ही मिळून हे घडलं. नुसत्या सह्यांनी घडलं नव्हतं, नुसत्या हिशेबाला तर बाउनशिवाय तोंडच फुटलं नसतं. सलोखा म्हणजे एकमेकांच्या गळ्यात पडणं, अशी आपली एक समजूत असते. फ्लशिंगचा इतिहास तसं सांगत नाही. शेजाऱ्यावर प्रेम नसलं तरी त्याचा हक्क शाबूत राहील अशी तजवीज, ती इथे आधी झाली. ओळखपाळख, जेवणखाण त्याच्या कितीतरी नंतर.

आता शतकं ओलांडून मॅनहॅटनला येते. दक्षिण टोकाला बार्कले स्ट्रीटवर सेंट पीटर्स हे कॅथलिक चर्च आहे, न्यूयॉर्कमधलं पहिलं. इंग्रजी अमलात १७०० च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूला या प्रांतात पाऊल टाकलं तर जन्मठेप होती. तो कायदा अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८४ मध्ये गेला, पुढच्याच वर्षी चर्चचा पाया घातला गेला. स्पेनच्या राजाने पैसे पाठवले. परक्या राजाच्या पैशाने, परक्या धर्माधिकाऱ्याच्या हुकमतीखाली, आपल्या शहरात हे काय उभं राहतंय, असं तेव्हाच्या प्रॉटेस्टंट लोकांना वाटे. १८०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री जमाव या चर्चसमोर जमला, दुसऱ्या दिवशी दंगल झाली आणि एक पहारेकरी मारला गेला. आज या गोष्टीवर कुणाचा विश्वासही बसणार नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांत आणि अग्निशमन दलात आयरिश व इटालियन कॅथलिक पिढ्यान् पिढ्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ रोजी अग्निशमन दलाचे पाद्री मायकल जज वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांपाशी मरण पावले, तेव्हा त्यांचा देह उचलून आणून याच चर्चच्या वेदीसमोर ठेवला होता.

आणि याच चर्चजवळ, पडलेल्या मनोऱ्यांपासून दोन गल्ल्यांवर, पार्क प्लेस. तिथे एका जुन्या पाच मजली इमारतीत स्वस्त कोट विकणारं मोठं दुकान होतं. त्या सकाळी दुसऱ्या विमानाच्या चाकाचा सांगाडा छत फोडून आत पडला, दुकान बंद झालं ते झालंच. २००९ मध्ये एका मुस्लिम बांधकाम व्यावसायिकाने, शरीफ अल-गमाल यांनी, ती इमारत विकत घेतली. इमाम फैसल अब्दुल रऊफ तिथे शुक्रवारची नमाज पढवू लागले. योजना होती ती एका सांस्कृतिक केंद्राची : पोहण्याचा तलाव, पाचशे आसनांचं सभागृह, नमाजाची जागा, ११ सप्टेंबरच्या मृतांचं स्मारक. ज्यू समाजाची अशी केंद्रं न्यूयॉर्कमध्ये आहेत, तो नमुना डोळ्यांपुढे होता. आधी नाव ठरलं होतं कॉर्डोबा हाउस, मग पार्क५१ झालं.

२५ मे २०१० रोजी त्या भागातल्या कम्युनिटी बोर्डाची सभा झाली. हे बोर्ड म्हणजे आपल्याकडच्या प्रभाग समितीसारखं, पण त्याचं मत केवळ सल्ल्याचं. कित्येक तास माणसं बोलत होती. मुलगा गमावलेली आई विरोधात बोलली, घरचं माणूस गमावलेले काहीजण बाजूने बोलले. मतदान २९ विरुद्ध १, दहाजण तटस्थ. योजनेला पाठिंबा मिळाला. मग विरोधकांनी मागणी केली की ही इमारत १८५७-५८ सालची आहे, तिला वारसा वास्तूचा दर्जा द्या. म्हणजे ती पाडता येणार नाही, म्हणजे केंद्र होणार नाही. कोटांचं दुकान होतं तोवर त्या वास्तूच्या कमानींकडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. ३ ऑगस्टला वारसा आयोगाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी तो दर्जा नाकारला. त्याच दिवशी महापौर मायकल ब्लूमबर्ग गव्हर्नर्स आयलंडवर उभे राहिले, मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा होता. त्यांनी भाषणात स्टायव्हेसंटची गोष्ट सांगितली, फ्लशिंगच्या अर्जाची सांगितली, सेंट पीटर्सची सांगितली. मी दूरचित्रवाणीसमोर बसून ते ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वस्तीतल्या शेतकऱ्यांचा कागद साडेतीनशे वर्षांनी कामी आला होता.

पण उन्हाळा फार कडू गेला. देवळाच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये डोसे खाता खाता आमच्या बायकाही म्हणत होत्या, "एवढ्या मोठ्या शहरात यांना नेमकी तीच जागा कशी सापडली?" आमच्यातल्या एकीचा भाचा त्या मनोऱ्यांत कामाला होता. तो वाचला, त्याचे सोबती वाचले नाहीत. तिच्यासमोर मी वाद घातला नाही. दुःख करणाऱ्या माणसाला इतिहास ऐकवायचा नसतो. मात्र ज्यांचं कुणी गेलेलं नव्हतं आणि जे शेकडो मैलांवरून घोषणा द्यायला आले होते, त्यांचं आणि तिचं दुःख एका पारड्यात घालायला मी तयार नाही. ज्यूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगनेही त्या जागेला विरोध केला होता. २०२१ मध्ये त्या संस्थेच्या प्रमुखांनी, आमचं चुकलं, असं जाहीरपणे लिहिलं. त्याचा मान राखायला हवा, पण तोवर अकरा वर्षं गेली होती. केंद्र झालंच नाही. कायद्याने अडवलं नाही, तरी पैसा आणि उमेद दोन्ही आटली. ती जुनी इमारत पाडली गेली आणि जागेवर महागड्या घरांचा ४३ मजली मनोरा आला.

जगाचं लक्ष पार्क प्लेसवर असताना त्याच वर्षी स्टॅटन आयलंडच्या मिडलँड बीच वस्तीत एक छोटी गोष्ट घडली. माझ्या दृष्टीने ती जास्त बोलकी आहे. तिथल्या कॅथलिक चर्चचा एक रिकामा कॉन्व्हेंट होता. तो मशिदीसाठी एका मुस्लिम संस्थेला विकायचं पाद्रींनी ठरवलं. जूनमध्ये रहिवासी संघाची सभा भरली. संस्थेची माणसं प्रश्नांना उत्तरं द्यायला समोर बसली होती. हॉल खच्चून भरलेला. प्रश्न कसले, आरोपच. तेवढ्यात एक तरुण उठला. तो मरीन सैनिक होता, थोड्याच दिवसांत अफगाणिस्तानला निघणार होता. त्याने शांतपणे विचारलं की तुम्ही या वस्तीशी जोडून घेण्यासाठी काम कराल का? ते म्हणाले, हो, करू. तो म्हणाला, मग तुमचं स्वागत आहे. त्यावर सभागृहाने त्याची हुर्यो उडवली. पाद्रींनी नंतर आपला पाठिंबा काढून घेतला आणि पॅरिशच्या विश्वस्तांनी विक्री नाकारली.

त्या सभेत संवाद असा एकच झाला, एक प्रश्न आणि एक उत्तर. बाकी नुसता आवाज होता. सुनावणी म्हणजे आपोआप संवाद, असं नसतं. बोलायला सगळे येतात, ऐकायला कोण येतं यावर ते ठरतं.

आता आमच्याकडे बघू. आमचं देऊळ ज्या जागेवर आहे तिथे आधी रशियन ऑर्थोडॉक्स चर्च होतं. १९७० मध्ये अळगप्पा अळगप्पन आणि त्यांच्या सोबत्यांनी संस्था स्थापन केली, ती जागा घेतली, आणि ४ जुलै १९७७ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गणपतीची प्रतिष्ठापना झाली. गोपुर, तांब्याचे कलश, पहाटेची घंटा, चतुर्थीचा रथ, आणि रथाच्या दिवशी शेजाऱ्यांच्या दारापुढे लावलेल्या आमच्या गाड्या. शेजारी कुरकुरले नाहीत असं नाही. पार्किंगची तक्रार आमच्याही वाट्याला आली, आणि ती खरीच होती. पण त्या तक्रारीमुळे देऊळ होऊ नये असं सरकारदरबारी कुणी ठरवलं नाही.

आम्हाला सगळ्यांनी सुखाने राहू दिलं असंही नाही. १९८७ मध्ये हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी निघाली होती. कपाळावरची टिकली पाहून ते माणूस हेरत. भारतीयांना शहराबाहेर घालवू, असं त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं होतं. माणसांना मारहाण झाली, जीवही गेला. आमच्या ओळखीच्या बायका रेल्वेत चढण्याआधी टिकली काढून पर्समध्ये ठेवत. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी दुसऱ्याच्या हिजाबाकडे बोट दाखवावं, हे मला बघवत नाही.

न्यू जर्सीतल्या दोन गावांबद्दल थोडक्यात. बास्किंग रिजमध्ये २०११ मध्ये तिथल्या इस्लामिक सोसायटीने चार एकर जागा घेतली. तिचे अध्यक्ष डॉ. मोहम्मद अली चौधरी हे त्याच नगराचे माजी महापौर. तरीही नियोजन मंडळापुढे साडेतीन वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या. पाण्याचा निचरा, कुंपण, झाडं, दिवे, आणि सगळ्यात जास्त पार्किंग. गावातल्या चर्चांना आणि सिनेगॉगना तीन माणसांमागे गाडीची एक जागा हा नियम होता. त्या हिशेबाने दीडशे नमाजींना पन्नास जागा पुरल्या असत्या. मंडळाने १०७ मागितल्या आणि शेवटी २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. दरम्यान सोसायटीच्या टपालपेटीवरची इंग्रजी आद्याक्षरं कुणीतरी बदलून तिथे 'आयसिस' केलं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं, केंद्रीय न्याय खात्यानेही दावा लावला. न्यायाधीशांनी पार्किंगच्या दुजाभावावर नेमकं बोट ठेवलं. २०१७ मध्ये नगराला साडेबत्तीस लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली आणि मशिदीला वाट द्यावी लागली. शेजारच्या ब्रिजवॉटरने, जिथे आपल्या लोकांचं बालाजीचं मोठं मंदिर आहे, एका मशिदीचा अर्ज आल्यावर २०११ मध्ये प्रार्थनास्थळांचा नियमच बदलला होता. ते प्रकरण साडेसत्त्याहत्तर लाख डॉलरना मिटलं. या दोन्ही खटल्यांना आधार होता तो २०००च्या केंद्रीय कायद्याचा, ज्यामुळे जमीनवापराच्या नियमाआडून कुठल्याही धर्माची गळचेपी करता येत नाही. हाच कायदा उद्या देवळाच्याही कामी येईल.

पार्किंग, निचरा, आवाज हे मुद्दे खोटे नसतात. ते खोटे कधी होतात, तर मोजपट्टी बदलली की. चर्चला तीनमागे एक आणि मशिदीला दीडमागे एक, असं झालं की समजावं, प्रश्न गाड्यांचा नाही.

माझ्या माहेरच्या गावात ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे. उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो आणि रात्रभर गाणं चालतं, कारण किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच गात आणि तिथेच विसावले. वडिलांचं बोट धरून मी ते गाणं ऐकलंय. म्हणून २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली आणि लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं, तेव्हा भावाचा फोन येईपर्यंत मी जागेवरून हलले नाही. शंभर वर्षांची सुरांची सोबत त्या आठवड्यात पुरी पडली नव्हती. गोडवा पुरत नाही, व्यवस्था लागते, हे मला तेव्हा कळलं.

तशी व्यवस्था महाराष्ट्रात एकदा उभी राहिली होती, आणि तिचा अभिमान मी इथल्या लोकांनाही सांगते. भिवंडीत १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून आणि पुन्हा १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. त्यानंतर तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं घेतली : यंत्रमागवाले, दुकानदार, बायका, दोन्ही समाजांची. या कमिट्या दंगल झाल्यावर बसत नसत. शांततेच्या दिवसांत बसत आणि नळाच्या, भांडणाच्या, भोंग्याच्या किरकोळ तक्रारी तिथेच सोडवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. मुंबईत मग पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी तोच धागा पुढे नेला.

फ्लशिंगचा अर्ज आणि भिवंडीची कमिटी यांत मला एकच गोष्ट दिसते. आग लागण्याआधी, आपलं काही अडलेलं नसताना, माणसं एकत्र बसली. मिडलँड बीचला ती पहिल्यांदा एकत्र आली तीच भांडायला.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः इथल्या मराठी मंडळींना. तुमच्या नगराच्या नियोजन मंडळापुढे मशिदीचा अर्ज येईल तेव्हा सुनावणीला जा. आधी अर्ज वाचा. पार्किंगचा आकडा चर्चला कितीचा लावला होता ते विचारा, आणि तोच लावा असं म्हणा. आवाजाची शंका असेल तर ती अर्जदारांनाच विचारा, माईकवरून नव्हे, चहाला बोलावून. आणि बोलण्यासाठी नाव नोंदवाल तेव्हा आपलं नाव सांगा, आपण हिंदू आहोत हे सांगा, आपलं देऊळ कुठल्या रस्त्यावर आहे तेही सांगा. आपल्याला नमाज पढायची नाही, म्हणूनच त्या खोलीत आपल्या शब्दाला वजन आहे.